दोन न पिणारे, बारा बाटल्या

माझ्या कामातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे थुंकायचा पेला. काळा, झाकणाचा, माझ्या बॅगेत पाण्याच्या बाटलीशेजारी तो कायम असतो. दुबईत पेयं आयात करणाऱ्या एका कंपनीत मी जपानी साके, म्हणजे तांदळाची दारू, चाखते, हॉटेलांना निवडून देते आणि तिथल्या वाढपी मुलामुलींना ती कशी ओतायची, कशाबरोबर द्यायची हे शिकवते. सहा वर्षांत जपानच्या वीसेक प्रांतांची साके माझ्या जिभेवरून गेली आणि पेल्यात पडली. गेल्या उन्हाळ्यापर्यंत त्यातला एक थेंबही मी गिळला नव्हता.

याचं कारण सांगायला हवं. मी दारूबंदीच्या पत्रकांवर वाढले. भोर तालुक्यातलं आमचं गाव, आई अंगणवाडी सेविका. घरात गुलाबी कागदावर छापलेल्या पत्रकांच्या गड्ड्या असायच्या आणि ती दुमडायचं काम माझं. अक्षरओळख पुस्तकातून झाली, पण वाक्य कसं टोकदार करायचं असतं ते मी त्या पत्रकांतून शिकले. गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायचं की नाही यावर बायकांचं मतदान झालं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. आडवी म्हणजे बंद. आडवी जिंकली, दुकान गेलं आणि दोन महिन्यांनी शेजारच्या गावच्या हद्दीत उघडलं. त्या मतदानाच्या आधी आम्हा शाळेतल्या मुलांची शपथ झाली होती. मी तेरा वर्षांची होते आणि शपथेचा मसुदा माझा होता: दारूचा एक थेंबही घशाखाली उतरू देणार नाही.

पुढे पुण्यात जपानी शिकले. पुण्यात जपानी शिकणं हे काही नवल नाही, आमच्या वर्गात बसायला जागा नसायची. दुबईची नोकरी लागली ती लेबलं आणि कागदपत्रं भाषांतरित करायला. तिसऱ्या महिन्यात चाखणारा माणूस सोडून गेला. आमचे साहेब थॉमससर, केरळचे, त्यांनी माझ्यासमोर पाच पांढरे पेले ठेवले आणि म्हणाले, भाषांतरच करायचंय, फक्त या वेळी वासाचं. मी नाही म्हटलं. या धंद्यात कुणीच पीत नाही, सगळे थुंकतात, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी रात्रभर विचार केला आणि मला माझाच मसुदा आठवला. घशाखाली. तेरा वर्षांच्या मुलीने इतक्या काटेकोरपणे लिहिलेल्या वाक्याने मला पळवाट दिली. आईला फोन करून सगळं सांगितलं. तिने विचारलं, पगार वेळेवर देतात का?

तेव्हापासून मी गोंधळलेली आहे, ती आजपर्यंत. हा लेख वाचून तो गोंधळ सुटेल अशी आशा कुणी ठेवू नये.

आता धंदा थोडक्यात. साके म्हणजे जपानी व्हिस्की नव्हे. ती उकळून वाफ धरून काढत नाहीत, ती आंबवतात. तांदूळ, पाणी, यीस्ट आणि कोजी नावाची एक बुरशी, इतकंच. तांदूळ आधी घासतात, आपल्यासारखा पांढरा होईपर्यंत नव्हे, तर भारीतल्या प्रकारात निम्मा दाणा उरेपर्यंत. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. माझी आजी लावणीच्या चिखलात उभी राहिलेली बाई, आणि इथे निम्मा दाणा भुकटी करतात. त्या भुकटीच्या कुरमुरीत चकत्या करतात, ती जनावरांच्या खाद्यात जाते, हे कळेपर्यंत माझ्या वहीत एक पत्रक लिहून तयार होतं.

चाखताना तीन वास घ्यायचे असतात. पहिला पेल्यातला, दुसरा घोट तोंडात फिरवताना नाकात चढणारा आणि तिसरा गिळल्यावर घशातून परत येणारा. तिसरा वास मला नव्हता. बाकी दोनांवर मी काम भागवत होते, आणि खरं सांगायचं तर बरं भागत होतं. पुस्तकात खरबूज, लिची, पांढरी फुलं असलं लिहिलेलं असतं. माझ्या वहीत पेज, उकडीच्या मोदकाची पहिली वाफ, नव्या सुपाचा वास, तांदळाच्या धुवणाचं पाणी अशा नोंदी असतात. भातखाचरात वाढलेल्या नाकाला भात ओळखता येतो, त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. अबू धाबीत खलिफा सिटीजवळच्या एका हॉटेलात चवींचा कार्यक्रम होता. तिथे एक मराठी गृहस्थ आले, मोठे इंजिनियर. मी ओतायला गेले तर त्यांनी पेल्यावर हात ठेवून मला बाजूला घेऊन विचारलं की यात तांदूळ असतो ना? मी म्हटलं, तांदूळच असतो. मग नको, म्हणाले, आज एकादशी आहे. तोवर त्यांची वाइनची तिसरी फेरी चालू होती. मी तिकडे पाहतेय हे त्यांच्या लक्षात आलं. द्राक्षं फळात मोडतात, असं त्यांनी मला समजावलं.

हा किस्सा मी इक्बालभाईंना सांगितला तेव्हा त्यांना हसू आवरेना, गाडी डावीकडे, म्हणजे इथे उजवीकडे, घ्यावी लागली. इक्बालभाई आमच्या थंड व्हॅनचे ड्रायव्हर. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचे, पन्नाशी ओलांडलेले, वीस वर्षं इथे. पाच वेळचे नमाजी. ज्यूसच्या गाडीसाठी अर्ज केला होता, कंपनीने दारूच्या गाडीवर घातलं. मी एकदा विचारलंही होतं की तुम्हाला खटकत नाही का. "खटकतं तर," ते म्हणाले. "पण बाय, मी बाटली उचलतो, उघडत नाही. तू उघडतेस, पीत नाहीस. या कंपनीचे दोनच सोवळे, एक पुढे बसलेला आणि एक शेजारी." त्यांची मुलगी गेल्या वर्षी बारावीला होती, बापाने मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देणारी, आणि त्यांचं सगळं आयुष्य त्या वर्षाभोवती फिरत होतं. एका उशिराच्या डिलिव्हरीवरून त्यांना एक वॉर्निंग मिळालेली होती. दुसरी मिळाली तर काय होतं हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. नोकरी गेली की व्हिसा जातो आणि व्हिसाबरोबर शाळा, घर, सगळं.

कंपनीने तिसऱ्या वर्षी मला दहा दिवसांसाठी जपानला पाठवलं. प्रांताप्रांतातल्या छोट्या भट्ट्या पाहायच्या आणि चाखून चार निवडायच्या. रेल्वेने फिरले. नीगातात बर्फ वितळून आलेलं पाणी, तिथली साके जिभेवरून पाय न वाजवता निघून जाते. हिरोशिमाची मऊ, गोलसर, तोंडात अंमळ रेंगाळणारी. जपानातल्या कोचीला लोक मोठमोठ्याने बोलतात, जाळावर भाजलेला मासा पुढे करतात आणि पाहुण्याचा पेला रिकामा राहू देत नाहीत. तिथे माझा काळा पेला पाहून एक आजोबा इतके दुखावले की मला त्यांच्याकडे पाठ करून थुंकावं लागलं. आणि मला मजा येत होती. हे कबूल करायला हवं. सकाळी एका गावचं पाणी प्यायचं, दुपारी त्याच पाण्याची साके हुंगायची, संध्याकाळी तिथलाच मासा. ज्या वस्तूविरुद्ध लहानपण गेलं तिच्या वासाने इतका आनंद व्हावा याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. रोज झोपताना मी स्वतःशी वाद घालायचे आणि रोज दोन्ही बाजू जिंकायच्या.

शिमाने प्रांतातली भट्टी सगळ्यात महत्त्वाची होती. मालकीण मुराता-सान, साठीच्या, नवऱ्यामागे भट्टी चालवणाऱ्या. पूर्वी बायकांना भट्टीत पाऊलही टाकू देत नसत, आता त्याच मुख्य कारागीर. मोठं काम म्हणून मी सकाळी आमच्या घरच्या रीतीप्रमाणे दहीसाखर खाल्ली. हॉटेलखालच्या दुकानातून दह्याचा डबा आणला, कॉफीची साखर त्यात टाकली, तळहातावर घेऊन चाटली. भट्टीच्या दाराशी, भट्टी पाहायला आलेल्या आम्हा पाच जणांना, विचारत होते की आज आंबवलेलं सोयाबीन खाल्लंय का, दही खाल्लंय का. तसलं काही पोटात किंवा हातावर घेऊन आलेल्याला कोजीच्या खोलीत सोडत नाहीत, बुरशीला दुसऱ्या जंतूंची बाधा होते. नाही म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं? मी हो म्हटलं. बाकीचे चौघे आत गेले. मी अंगणात खुर्चीवर बसले, दहा दिवसांचा प्रवास ज्या खोलीसाठी केला तिच्याबाहेर.

मुराता-सान नंतर स्वतः बाहेर आल्या. त्यांनी माझ्या ओंजळीत वाफवलेला गरम तांदूळ ठेवला आणि चावायला सांगितलं. शुभकामासाठी मी दही खाल्लं होतं हे ऐकून त्यांनी तोंडावर हात धरला, हसू लपवायला असावं. संध्याकाळी चाखायला बसलो तेव्हा माझा काळा पेला त्या बराच वेळ पाहत होत्या. आमची साके घशातून परत येते तेव्हा बोलते, म्हणाल्या, तुम्ही निम्मीच ऐकता आहात. मी शपथेचं सांगितलं. त्यांनी मान लववली. त्यांची साके मी निवडली. निम्मी ऐकून निवडली, हे तेव्हाही टोचलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात त्या पहिल्यांदा इथे आल्या. फुजैराच्या एका हॉटेलात त्यांच्या साकेची संध्याकाळ ठरली होती. फुजैरा म्हणजे तेलाच्या जहाजांचं बंदर. टर्मिनलवरचे इंजिनियर, जहाजांचे एजंट, त्यांतले बरेच जपानी. हॉटेलला माल आवडला तर वर्षभराची मागणी मिळणार होती आणि मुराता-सानच्या भट्टीला तिची गरज होती. त्यांनी बारा बाटल्या खास पाठवल्या होत्या, नामा प्रकारच्या. साधी साके दोनदा तापवून जंतू मारलेली असते, ती थोडं ऊन सोसते. नामा कधीच तापवत नाहीत. ती दुधासारखी, पाच अंशांवर ठेवायची, नाहीतर फिरते. विमानाचा माल उशिरा सुटला, त्यामुळे निघायला शुक्रवार उजाडला. मुराता-सान हॉटेलच्या मोटारीने थेट पोचल्या होत्या. मी व्हॅनमध्ये इक्बालभाईंच्या शेजारी बसले.

डोंगर सुरू होतात तिथे एका पेट्रोल पंपाला लागून मशीद आहे. जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली होती. मशिदीच्या भिंतीलगत पत्र्याची सावली होती, चार गाड्यांची जागा रिकामी होती. इक्बालभाईंनी तिथे गाडी घातली नाही. त्यांनी ती पार पंपाच्या टोकाला नेली, तिथे झाडाचं पानही नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "आत काय आहे माहीत आहे ना तुला? हे घेऊन मी मशिदीच्या भिंतीला टेकवू?" दारूची गाडी सोडून जाताना इंजिन बंद करून कुलूप घालायचं हा कंपनीचा नियम. त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली खिशात घातली. मी पंपावरच्या कॅफेटेरियात कडक चहा घेऊन बसले. त्या दिवशी खुतबा, म्हणजे नमाजाआधीचं प्रवचन, लांबला.

थंडावा इंजिनावर चालतो. हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघांच्याही लक्षात आलं नाही. एरवी अर्धा तास इंजिन बंद राहिलं तर साध्या साकेचं काही बिघडत नाही, आमची तीच सवय. नामा वेगळी आहे हे इक्बालभाईंना कुणी सांगितलेलंच नव्हतं. कुणी म्हणजे मी. तेरा हॉटेलांतल्या वाढप्यांना मी शिकवलं होतं, चित्रांसकट. बाटली ज्याच्या ताब्यात सगळ्यात जास्त वेळ असते त्याला कधी बसवून दोन वाक्यं सांगितली नव्हती. समतेवर मी किती पत्रकं लिहिली असतील, मोजायला बसू नये.

हॉटेलच्या मागच्या दारी व्हॅन उघडली तेव्हा आतला काटा अजूनही एकवीसवर होता. इक्बालभाईंनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडे. मी काय झालं ते सांगितलं. ते एकेक खोकं उचलून थंड कोठीत नेऊ लागले. सगळी नेऊन झाल्यावर टेम्परेचर शीट माझ्यापुढे धरली. प्रत्येक थांब्याचं तापमान त्यात ड्रायव्हरने लिहायचं आणि माल घेणाऱ्याने सही करायची. त्या दिवशी माल घेणारी मीच. मशिदीच्या थांब्याची ओळ कोरी होती.

साके बिघडली नसेल तर लिहायला हरकत नव्हती. थोडं तापलं, चाखून पाहिलं, ठीक आहे, एवढं लिहिलं की थॉमससर दुर्लक्ष करतील. बिघडली असेल तर दुसरी वॉर्निंग. म्हणजे इक्बालभाईंची नोकरी माझ्या जिभेवर होती. मी कोठीतच एक बाटली उघडली, पांढऱ्या पेल्यात ओतली. रंग स्वच्छ. पहिला वास, ओल्या सुपाचा. तोंडात फिरवली, दुसरा वास, कच्च्या केळ्याचा, तसाच जसा शिमानेत होता. थुंकले. काहीच खोट नव्हती. पण नामा फिरते तेव्हा ती पहिल्यांदा तिसऱ्या वासात फिरते हे मला पाठ होतं. शिकवताना दर वेळी मी ते सांगते.

दारात उभ्या इक्बालभाईंनी ओळखलं. त्यांना शपथेचं माहीत होतं.

"नको," ते म्हणाले. "पिऊ नकोस, बाय. माझ्यासाठी तर नकोच. तुझी कसम मोडलीस तर ते माझ्या अंगावर येईल."

"तुमच्यासाठी नाही. खरं काय ते कळायला हवं."

"कळून कुणाचं भलं होणार आहे?"

मी गिळली. सोळा वर्षं राखलेली शपथ, फुजैराच्या एका हॉटेलात, कांद्याच्या पोत्यांशेजारी. आईला अजून सांगितलेलं नाही. हा अंक तिच्याकडे जातो, आता कळेल.

आणि मग मी वाट पाहत उभी राहिले. घसा गरम झाला. थोड्या वेळाने नाकात काहीतरी वर आलं, भात खाली लागला की पातेल्याला जो वास येतो तसं, त्यामागे जरा अक्रोडासारखं कडवट. मी पुन्हा एक घोट घेतला. तेच. हा बिघाड होता की हेच ते बोलणं, ज्याबद्दल मुराता-सान म्हणाल्या होत्या? मला कळेना. कळणार कसं? चांगली नामा गिळल्यावर कशी लागते हे मला कधीच माहीत नव्हतं. तुलना करायला मागे काही नव्हतंच. शपथ पाळली म्हणून मी अर्धवट राहिले आणि मोडली तरी अर्धवटच. इतकं मूर्खासारखं मला आयुष्यात कधी वाटलं नाही. इक्बालभाई विचारत होते, काय, काय झालं, आणि मी पुन्हा पुन्हा पेला हुंगत होते.

मग एकच माणूस उरलं होतं. मी मुराता-सानना खोलीतून खाली बोलावलं आणि सगळं सांगितलं. घाईत माझी जपानीतली आदराची क्रियापदं इकडची तिकडे झाली, कुठे मी स्वतःलाच मान दिला असावा. त्यांनी पेला घेतला, डोळे मिटले, गिळली. मग त्यांनी ही गाडी कोणी आणली ते विचारलं. मी इक्बालभाईंना पुढे बोलावलं. गाडी उन्हात का लावली, असं मुराता-साननी थेट त्यांनाच विचारलं.

आता भाषांतर माझ्याकडे. इक्बालभाई मला हळूच म्हणाले की खोटं सांगू नकोस, पण बाईंच्या जिवाला लागेल असंही सांगू नकोस, ही त्यांची रोजीरोटी आहे. मी जे होतं ते सांगितलं. प्रार्थनेच्या जागेजवळ दारू न्यायची नव्हती म्हणून लांब लावली. मुराता-साननी पेला खाली ठेवला. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या की आम्ही तुम्हाला दह्यामुळे बाहेर बसवलं होतं, यांनी आमची साके बाहेर बसवली. यात रागवायचं काय?

त्यांनी इक्बालभाईंना कमरेत वाकून नमस्कार केला. इक्बालभाईंनी गोंधळून उजवा हात छातीवर ठेवला आणि तेही थोडे वाकले.

"बिघडली आहे का?" मी विचारलं.

"मी पाठवली ती ही नाही," मुराता-सान म्हणाल्या. "थंड देऊ नका. गरम करा."

नामा गरम करत नाहीत, असं मी स्वतः इतकी वर्षं शिकवत आले होते. हॉटेलच्या स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात पाणी तापवून त्यात बाटल्या उभ्या केल्या, मुराता-सान बोट लावून उष्णता पाहत होत्या. गरम झाल्यावर तो अक्रोडाचा वास पुढे आला आणि शेफने तळलेल्या माशाबरोबर, खरं सांगते, मी लोकांच्या चेहऱ्यांवरून सांगते, तो बसला. एका टर्मिनलवरच्या जपानी इंजिनियरने चौथा पेला मागितला आणि हे कुठल्या पद्धतीचं आहे ते विचारलं. मुराता-सान म्हणाल्या, इथल्या. ते सौजन्य होतं, सारवासारव होती की खरंच तसं मत, याचा मला आजही पत्ता नाही. हॉटेलने वर्षाची मागणी दिली. साधी साके, नामा नव्हे.

शीटवरची ओळ अजून कोरीच होती. कुणाला काही कळलं नव्हतं, कळणार नव्हतं. मुराता-सान तक्रार करणार नव्हत्या. पण मी आधीच एक गोष्ट मोडली होती, त्याच दिवशी दुसरी मोडायची नव्हती. आणि माझा विश्वास होता, पत्रकांनी रुजवलेला, की खरं पूर्ण सांगितलं तर ते सगळ्यांना सांभाळतं. मी लिहिलं: गाडी पन्नास मिनिटं बंद होती, काटा एकवीस. आम्ही दोघं गाडीबरोबर होतो, चूक आम्हा दोघांची. नामा वेगळी असते हे ड्रायव्हरला शिकवलेलं नव्हतं, ती जबाबदारी माझी. खाली माझी सही, शेजारी त्यांची जागा. इक्बालभाईंनी वाचलं की नाही माहीत नाही. त्यांनी सही केली.

कंपनीने मला पारदर्शकतेबद्दल कौतुकाची मेल पाठवली. ड्रायव्हर लोकांना प्रशिक्षण द्यायचं काम माझ्याकडे आलं, पगारही थोडा वाढला. इक्बालभाईंना गाडीवरून काढलं. नोकरी राहिली, व्हिसा राहिला, हे थॉमससरांनी उपकारासारखं सांगितलं. त्यांना गोदामात मालाच्या चढ-उतारावर घातलं. ड्रायव्हरचा भत्ता गेला, महिन्याला आठशे दिरहाम, म्हणजे अठरा हजार रुपये, मुलीच्या कॉलेजच्या फीचा मोठा हिस्सा त्यातून निघाला असता. एकच चूक, दोन माणसं, कागदावर दोघांची सारखी. मी थॉमससरांशी भांडले, दोन पानी पत्र लिहिलं, वर पाठवलं. उत्तर आलं की भावना समजल्या.

गोदामाकडे जायला मला तीन आठवडे लागले. दुपारची वेळ होती. इक्बालभाई ज्यूसची खोकी ट्रॉलीवर रचत होते, पाठीला पट्टा बांधलेला. मला पाहून त्यांनी ट्रॉली थांबवली, नेहमीसारखं आईची तब्येत विचारली. मी माफी मागितली. ते म्हणाले, माफी कसली, खरं तेच लिहिलंस. मुलगी शारजात शिकायला लागलीय, जमतंय कसंतरी.

मी निघाले तेव्हा त्यांनी हाक मारली.

"बाय, एक विचारू? त्या दिवशी तू दारूला विचारलंस, त्या जपानी बाईला विचारलंस, तुझ्या मनाला विचारलंस. आम्ही दोघं, आम्ही दोघं असं लिहिलंस. मला विचारलंस का?"

मी नाही म्हटलं.

मग मीच विचारलं, विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?

त्यांनी पट्टा सैल केला, पुन्हा आवळला.

"लिही म्हणालो असतो," ते म्हणाले. "पण मग ते मी लिहिलेलं झालं असतं." आणि ट्रॉली पुढे ढकलली.